राजीखुशीने, अक्कलहुशारीने

जमिनीचा कुठलाही कागद घ्या. खरेदीखत असो, गहाणखत असो, नाहीतर भावाभावांतलं वाटपपत्र. शेवटाला एक ओळ ठरलेली असते. हा लेख मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिला असे. मी दहावीपर्यंत शिकलो आणि गावातच राहिलो. त्यामुळं लोकांचे कागद वाचून दाखवायचं काम गेली चाळीस वर्षं आपसूक माझ्याकडं येत गेलं. ही ओळ आली की ऐकणारा मान हलवतो. कागद संपला, आता सही कुठं करायची एवढंच राहिलं, हे त्याला कळतं. मला मात्र तिथं थांबायची खोड लागली.

त्या ओळीत दोन शब्द आहेत. अक्कलहुशारी म्हणजे कागदात काय लिहिलंय ते कळणं. राजीखुशी म्हणजे ते आपल्याला हवं असणं. कागद हे दोन्ही शब्द एका दमात म्हणून टाकतो. माणसाच्या जिण्यात मात्र ते नेहमी जोडीनं येत नाहीत. कधी खुशी असते, अक्कल नसते. कधी अक्कल पुरेपूर असते आणि खुशीचा पत्ता नसतो. शेतकऱ्याच्या हक्काबद्दल, बाजाराबद्दल आणि न्यायाबद्दल आजवर जे कायदे झाले, त्यांनी या दोन शब्दांची गल्लत केली, असं माझं मत बनलं आहे. ते का बनलं ते सांगतो.

आमचा तालुका पुरंदर. शेजारच्या बारामती तालुक्यात सुपे नावाचं गाव आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, तिथं आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांत घुसले. त्यांना मुख्यतः कागद हवे होते. रोखे, खतं, हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांनी जाळल्या. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. ज्या सावकारानं कागद हवाली केले, त्याला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. मला त्यात दंग्यापेक्षा एक तक्रार दिसते. या कागदांवरचे अंगठे आमचे आहेत, पण ती राजीखुशी आमची नाही, असं ते लोक म्हणत होते. म्हणायला दुसरी जागा नव्हती म्हणून बाजारात म्हणाले.

त्यांना तिथवर कशानं आणलं ते पाहण्यासारखं आहे. पेशवाईतही सावकार होता आणि कर्जही होतं. पण कर्जापायी जमीन लिलावात काढून परक्याच्या नावावर चढवणं तेव्हा इतकं सोपं नव्हतं. इंग्रजांनी मोजणी केली, रयतवारी आणली आणि जमीन एकेकट्या खातेदाराच्या नावावर लावली. ती विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. हक्क म्हणून ही मोठीच गोष्ट झाली. पण ज्या दिवशी जमीन विकता येऊ लागली, त्या दिवसापासून सावकाराचा डोळा पिकावरून जमिनीवर गेला. पुढं अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथला कापूस विलायतेला जाईना. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार हात सैल सोडून उधारी देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून नव्या आकारणीत शेतसारा वाढला. कर्ज तेवढं जागेवर राहिलं.

यात एका कायद्याची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. रोख्यावरच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत ठरली. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलवी, थकलेलं व्याज मुद्दलात मिसळी आणि नवा रोखा लिहून घेई. मग त्या व्याजावरही व्याज. कुळ नाही म्हणालं तर कोर्टात दावा. कोर्ट दूर. पेरणी सोडून जाणार कोण? हुकूमनामे एकतर्फी होत. इंग्रजी न्यायाधीश रोखा बघे, अंगठा बघे, करार राजीखुशीचा आहे म्हणे आणि जप्ती देई. त्याच्या परीनं तो न्यायच करत होता. कायदा सगळ्यांना सारखा, करार म्हणजे करार.

दंग्यानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं, नुसता रोखा बघू नका, त्याच्या मागं जा. व्यवहार मुळात कधी सुरू झाला, हातात पैसे किती पडले, व्याज किती चढवलं, सगळं उकलून बघा आणि हिशेब नव्यानं मांडा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. शेतकऱ्याचे रोखे गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचे ठरले. पैसे फेडले की सावकारानं पावती द्यायची, मागितला तर वर्षाचा हिशेब द्यायचा.

कायद्याच्या इतिहासात ही मोठी उडी आहे. अंगठा म्हणजे संमती हे गणित पहिल्यांदा तपासलं गेलं. आज दीडशे वर्षांनी वाचतानाही बरं वाटतं. पण नीट बघा, या कायद्यानं दुखणं काय धरलं? शेतकरी अडाणी आहे, त्याला फसवतात. म्हणून उपाय कसले, तर नोंदणी, पावती, हिशेब. सगळे उपाय अक्कलहुशारीचे. ते हवेच होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विद्येच्या अभावावर बोट ठेवलं ते उगाच नाही. वाचता न येणाऱ्याला लुटणं सोपंच असतं. पण राजीखुशीचं काय? मुलगी लग्नाला आलेली, बैल मेलेला, सारा भरायची तारीख तोंडावर. पैसे देणारा पंचक्रोशीत एकच. अशा माणसाला रोख्यातलं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं तरी तो अंगठा करणारच.

सावकारांनी हे बरोबर ओळखलं. गहाणखताच्या मागं कोर्ट जातंय असं दिसल्यावर त्यांनी गहाणाऐवजी थेट खरेदीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली. जमीन विकली असं कागदावर, पैसे फिटले की परत देईन असं तोंडी. खरेदी ही मुळात गहाण होती का, हे तपासायचा अधिकार मग कोर्टाला वेगळा द्यावा लागला. कागद एक पाऊल पुढं, कायदा एक पाऊल मागं.

हे सगळं जवळून पाहिलेले एक गृहस्थ म्हणजे महादेव गोविंद रानडे. जन्म १८४२चा, निफाडचा. याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून खालच्या कोर्टांचं काम तपासत. पुढं हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. त्याचा मतलब असा की, विलायती अर्थशास्त्र काही गोष्टी गृहीत धरतं. माणसं आपला फायदा ओळखतात, एकमेकांशी मोकळी स्पर्धा करतात, पटलं नाही तर दुसरीकडं जातात. जिथं हे खरं असेल तिथं ते नियम लागू पडतील. आपल्याकडं करारापेक्षा माणसाचा दर्जा आणि रूढी यांचं वजन जास्त, म्हणून तेच नियम इथं तसेच्या तसे बसणार नाहीत. पटलं नाही तर दुसरीकडं जाणं, ही त्यातली खरी कळ आहे.

ती कळ हाती येण्याची एक संधी आमच्याच तालुक्याला आली होती. विल्यम वेडरबर्न नावाचे न्यायाधीश आणि रानडे यांनी मिळून शेतकी बँकेची योजना मांडली होती. बेताच्या व्याजानं शेतकऱ्याला कर्ज द्यायचं, म्हणजे त्याला सावकाराशिवाय दुसरी जागा होईल. प्रयोग पुरंदर तालुक्यात करायचा ठरत होतं. इथलं सरकार अनुकूल होतं. लंडनमधल्या भारतमंत्र्यानं मंजुरी दिली नाही आणि योजना कागदावरच राहिली. पुढं १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, तेव्हा तो रस्ता थोडा उघडला. म्हणजे पावतीचा कायदा दंग्यानंतर चार वर्षांत झाला. दुसऱ्या दाराला जवळजवळ तीस वर्षं लागली.

हे जुनं झालं असं कुणाला वाटेल, म्हणून अलीकडचं सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारातल्या एका मित्रानं मला कागद वाचायला बोलावलं. बायको दवाखान्यात होती. सोसायटीत तो थकबाकीदार, त्यामुळं तिथं नवं कर्ज मिळेना. बँकेनं पीककर्ज पिकासाठी असतं म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. एका माणसानं दीड लाख द्यायची तयारी दाखवली, वीस गुंठ्यांच्या खरेदीखतावर. पैसे परत केले की जमीन परत, हे तोंडी. मी कागद दोनदा वाचला. त्याला म्हणालो, “अरे, ही खरेदी हाय. गहाण न्हाई. परत देण्याबद्दल यात एक अक्षर न्हाई.”

तो म्हणाला, “म्हाईत हाय मला. तुझ्याकडं हायेत का दीड लाख?”

माझ्याकडं नव्हते. 

दुय्यम निबंधकांसमोर त्याला विचारलं, वाचलं का, समजलं का, मान्य आहे का? तिन्ही प्रश्नांना तो हो म्हणाला, आणि तिन्ही उत्तरं खरी होती. त्याच्या अक्कलहुशारीत तिळभर कमी नव्हतं. चौथा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तो फॉर्मात नाही. दुसरीकडं कुठं पैसे मिळत होते का?

आपल्या राज्यात २०१४चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. बेकायदा सावकारीत खरेदीच्या नावाखाली जमीन घेतली असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून ती परत देऊ शकतात. मी मित्राला अर्ज करू म्हणालो. तो हसला. “आन् उद्या पोराला काय झालं, तर परत कुणाच्या दारात जाऊ?” कायदा त्याच्या बाजूनं होता. पण अर्ज केला असता तर होतं ते एक दारही बंद झालं असतं, असा त्याचा हिशेब. तो हिशेब मला खोडता आला नाही.

माझी एक पुतणी वकिलीचं शिकली. तिच्याशी यावर बोलणं झालं तेव्हा तिनं दोन खटले सांगितले. अमेरिकेत एका राज्यानं बेकरी कामगारांनी आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त राबू नये असा कायदा केला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९०५ साली तो रद्द केला. कामगार राजी, मालक राजी, त्यांच्या कराराच्या स्वातंत्र्यात सरकारनं पडू नये, असं त्याचं म्हणणं. दुसरा खटला आपला, १९८२चा. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती आणि मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर माणूस काम करतो तेव्हा त्याला भूक तिथं ढकलत असते. ही सक्तीच आहे, वेठबिगारीच आहे, आणि संविधानाच्या तेविसाव्या कलमाला ती मंजूर नाही. मला तो निकाल सुप्याच्या बाजारातल्या माणसांना मिळालेलं उशिराचं उत्तर वाटला. शिवाय त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. न्यायालयानं मजुरांना काम करायला बंदी केली नाही. कामाचा दाम ठरलेल्या पायरीखाली जाऊ नये, एवढंच बजावलं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सरकारनंच सगळं हातात घ्यावं की. माझं उत्तर आहे, थांबा. माझी राजीखुशी खरी नाही, असं एकदा सरकार म्हणू लागलं की ते कुठं थांबेल याचा भरवसा नसतो. आमच्या तरुणपणी, १९८०च्या सुमाराला, चाकणला कांद्याचं आंदोलन पेटलं. शरद जोशींनी उलटा सवाल केला. शेतकऱ्याला गरीब कुणी ठेवलं? बाजारानं, की बाजारात घातलेल्या सरकारच्या हातानं? सगळंच्या सगळं त्यांचं मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण हा सवाल खोटा नाही. ८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली मे २०२४मध्ये, तीही चाळीस टक्के शुल्क आणि किमान निर्यात किमतीची अट घालून. रानड्यांच्या निफाड तालुक्यातच लासलगावची मोठी बाजारपेठ आहे, तिथपासून आमच्यापर्यंत लिलावातले भाव उतरले. माझाही लाल कांदा त्यात सापडला. खेड्यातला असो की शहरातला, गरिबाला कांदा परवडला पाहिजे हे मी मानतो. पण त्याचा खर्च सगळ्या देशानं उचलायचा सोडून कांदा लावणाऱ्याच्या खिशातून का काढला, हे मला कुणी सांगितलं नाही. माझं घेणारं एक गिऱ्हाईक कायद्यानं हाकलून लावलं आणि मग मला म्हणाले, बाजार मोकळा आहे, विका.

सावकाराच्या ओसरीवरचा माणूस आणि निर्यातबंदीतला माणूस, दोघांचं दुखणं मला एकच दिसतं. दोघांनाही दुसरीकडं जाता येत नव्हतं. एकाला गरिबीनं अडवलं, दुसऱ्याला हुकमानं. एका बाजूचे विद्वान फक्त पहिला अडसर बघतात, दुसऱ्या बाजूचे फक्त दुसरा. आणि मधे उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडून ऐकावं लागतं की तू मोकळा आहेस.

म्हणून माझ्यापुरतं मी एक माप केलं आहे. शेतकऱ्याच्या भल्याचा म्हणून कुठलाही कायदा आला की विचारायचं, यानं मला ‘नाही’ म्हणायची ताकद दिली, की माझ्या वतीनं ‘नाही’ म्हटलं? पावती, हिशेबाची वही, पतपेढी, गोदामात माल ठेवून त्याच्या पावतीवर मिळणारी उचल, किमान वेतन. यांनी ताकद दिली. पडत्या भावाला महिनाभर थांबता आलं तर व्यापाऱ्याला मी नाही म्हणू शकतो. उलट निर्यातबंदीनं माझ्या वतीनं परस्पर ‘नाही’ म्हटलं.

हे माप सगळीकडं बसत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, असा आपल्याकडं कायदा आहे. माझ्या मापानं तो चुकीचा ठरेल, कारण तिथं कायदा त्याच्या वतीनं नाही म्हणतो. तरी तो मोडावा असं मला वाटत नाही. बराच विचार केल्यावर फरक सापडला तो असा. कांदा स्वस्तात गेला तर पुढच्या हंगामाला पुन्हा लावता येतो. जमीन गेली की परत येत नाही, आणि आज सही करणारा एकटा असला तरी उद्याच्या चार पिढ्यांची सही त्यात पडते. जे परत फिरवता येत नाही, तिथं कायद्यानं माणसाला क्षणभर थोपवलं तर तो अपमान नव्हे. पण थोपवणाऱ्यानं त्याच दिवशी त्याच्या दवाखान्याची सोय केली पाहिजे. नुसतं थोपवून त्याला परत पाठवलं, तर तो रात्री मागच्या दारानं जाईल आणि कागद आणखी वाईट होईल. १८७९नंतर खरेदीखतांचं झालं तसं.

शिकलेले लोक हक्काबद्दल बोलतात तेव्हा तो सातबाऱ्यावरच्या नावासारखा बोलतात. नाव लागलं की हक्क झाला. आम्हाला माहीत आहे की नाव लागूनही रान दुसराच कसत असतो. कराराच्या स्वातंत्र्याचं तसंच आहे. नाव माझं, पण ते कोण वापरतं हे बघायला शिवारात यावं लागतं. न्यायाधीश असो, मंत्री असो की पुढारी, त्यानं सही बघितल्यावर एवढं विचारावं की या माणसाला नाही म्हणायचं असतं तर तो कुठं गेला असता. उत्तर सापडलं नाही, तर कागदावर अक्कलहुशारीने एवढंच लिहा. दुसरा शब्द ती जागा सापडेपर्यंत लिहू नका.